साधी इंग्रजी वाक्ये तपासताना

इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या प्रौढांच्या एका गटाचे लेखन तपासून देण्याचे काम मी अंगावर घेतले, तेव्हा ते फारसे जड जाणार नाही असे मला वाटले होते. वाक्ये लहान असत, सहा-सात शब्दांची, फार तर दहा-बारा शब्दांची. गटात 12 जण होते, सर्वांची मातृभाषा मराठी होती, आणि प्रत्येकाने दर आठवड्याला स्वतःविषयी, कामाविषयी आणि घरच्या माणसांविषयी 20 वाक्ये लिहून द्यायची असे ठरले होते. म्हणजे आठवड्याला 240 वाक्ये. एका संध्याकाळी हातावेगळी होतील असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात पहिल्या आठवड्याच्या कागदांना चार संध्याकाळी लागल्या आणि त्यांतल्या काही दुरुस्त्या पुढे मलाच परत घ्याव्या लागल्या.

पहिल्या दिवशी मी कागद वरून खाली वाचत गेले आणि दिसेल ती चूक तांबड्या शाईने दुरुस्त करत गेले. दुसऱ्या दिवशी तेच कागद सहज पुन्हा चाळले, तर कितीतरी चुका तशाच राहून गेल्या होत्या. एकीने 'आय केम फॉर्म द स्टेशन' असे लिहिले होते आणि मी ते 'फ्रॉम' असेच वाचून पुढे गेले होते. दुसऱ्या एका कागदावर ओळीच्या शेवटी एक 'द' होता आणि पुढच्या ओळीच्या आरंभी आणखी एक, पण मला दोहोंपैकी एकच दिसला होता. वाचनाची सवय असलेला डोळा अक्षरे वाचत नाही, तो अर्थ उचलतो आणि जे असायला हवे तेच पाहतो. म्हणून मी पद्धत बदलली. एका फेरीत एकच गोष्ट पाहायची, पहिल्या फेरीत फक्त क्रियापद, दुसरीत नामे आणि उपपदे, तिसरीत शब्दयोगी अव्यये, आणि शेवटी विरामचिन्हे व मोठी अक्षरे. शेवटची फेरी शेवटच्या वाक्यापासून पहिल्या वाक्याकडे उलट करायची, म्हणजे कथनाच्या ओघात वाहून जायला होत नाही आणि प्रत्येक वाक्य सुटे दिसते. वेळ जास्त लागतो, हे खरे. पण माझ्या हातून निसटणाऱ्या चुका त्यानंतर लक्षणीय कमी झाल्या.

क्रियापदाच्या फेरीत सर्वांत जास्त खुणा होत त्या साध्या वर्तमानकाळातील 'एस'च्या. 'शी वर्क', 'माय ब्रदर लिव्ह', 'इट टेक टू अवर्स'. मराठी माणसाला कर्त्याप्रमाणे क्रियापद बदलणे नवीन नाही. 'तो जातो', 'ती जाते', 'ते जातात' हे आपण न शिकता बोलतो. अडचण निराळी आहे. इंग्रजीत नामाला 'एस' लागला की अनेकवचन होते आणि क्रियापदाला लागला की ते एकवचनी कर्त्याचे होते, त्यामुळे शिकणारा 'बॉइज रन्स' असे दोन्हीकडे अनेकवचन समजून लिहितो आणि आपण नियम पाळला असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. अशा ठिकाणी नुसता 'एस' खोडण्याने काही साधत नाही, हे मला तिसऱ्या आठवड्यात त्याच माणसाच्या कागदावर तीच चूक पुन्हा पाहिल्यावर कळले. मग मी समासात लिहू लागले की हा 'एस' नामाचा नव्हे. याचा संबंध फक्त 'तो, ती, ते' अशा एका कर्त्याशी आहे. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये याच जागी 'गोएथ' असे रूप आढळते, म्हणजे तिथे 'एस'चा प्रश्नच नाही. हे सांगितल्यावर गटातल्या दोघातिघांचा गोंधळ एकदम निवळला, कारण क्रियापदाच्या या प्रत्ययाचे अनेकवचनाशी काही नाते नाही हे त्यांना डोळ्यांनी दिसले.

एकाने विचारले होते की एकाच माणसाशी बोलताना 'यू आर' का, 'यू इज' का नाही. त्याचे उत्तर मराठीतच आहे. 'यू' हे मुळात आपल्या 'तुम्ही'सारखे अनेकवचन. 'तू'साठी इंग्रजीत 'दाऊ' होते, ते रोजच्या वापरातून गेले आणि आदरार्थी रूप सर्वांसाठी उरले. आपण एका माणसाला 'तुम्ही आहात' म्हणतो, 'तुम्ही आहेस' म्हणत नाही, तसेच हे. यानंतर त्या कागदांवर 'यू इज' दिसले नाही.

'ही डिडन्ट वेंट' आणि 'डज शी नोज' या चुकांनाही असेच एक कारण आहे. मराठीत नकार येतो तेव्हा 'तो गेला नाही' असे म्हणतो, म्हणजे मूळ क्रियापद भूतकाळातच राहते आणि 'नाही' फक्त शेजारी येऊन बसते. इंग्रजीत काळ दाखवण्याचे काम 'डिड'ने एकदा केले की मुख्य क्रियापद मूळ रूपात परत जाते. हे समजावताना मी दोन शब्दांखाली एकच बाण काढत असे, काळ इथे आला आहे, तिथे पुन्हा नको. ही खूण सर्वांना पटकन उमगली.

काळाच्या बाबतीत मात्र इतके सरळ नव्हते. 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' हे वाक्य मला या ना त्या रूपात जवळजवळ प्रत्येक कागदावर भेटले. त्याच्या मागे 'मी पाच वर्षांपासून इथे राहतो' हे मराठी वाक्य जसेच्या तसे उभे असते. मराठीला वर्तमानकाळ पुरतो, कारण 'पासून' या एका शब्दात आरंभही आहे आणि आजवरचा काळही आहे. इंग्रजीत आरंभाचा क्षण सांगायचा असेल तर 'सिन्स' आणि कालावधी सांगायचा असेल तर 'फॉर', आणि दोन्ही वेळा क्रियापद 'हॅव बीन लिव्हिंग' असे मागून आजपर्यंत ताणलेले. एका वाक्यात दोन चुका, आणि दोन्हींचे मूळ एकच. उलट 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' यात ताण नको त्या ठिकाणी दिला जातो. 'काल' म्हटले की तो काळ संपला, तिथे 'सॉ' हवे. जोडीजोडीने ही वाक्ये दाखवल्यावर गटातल्या लोकांनीच आपापली जुनी पाने काढून अशी वाक्ये शोधायला सुरुवात केली.

'इफ आय विल गेट टाइम, आय विल कम' याचाही उलगडा मराठीतूनच झाला. आपणही 'वेळ मिळाला तर येईन' असेच म्हणतो. वेळ पुढे मिळायची असली तरी 'तर'च्या आधी भविष्यकाळ घालत नाही. इंग्रजीही 'इफ'नंतर 'विल' टाळते, फक्त आपल्या भूतकाळी रूपाच्या जागी तिथे वर्तमानकाळ येतो.

दुसऱ्या फेरीतील उपपदे हा मला या सगळ्या कामातील सर्वांत कठीण भाग वाटतो आणि आजही वाटतो. 'अ' की 'ॲन' हा प्रश्न तसा लवकर सुटतो, निर्णय अक्षरावर नसून उच्चारावर आहे हे एकदा लक्षात आले की झाले. म्हणून 'ॲन अवर', पण 'अ युनिव्हर्सिटी'. 'अ मास्टर्स डिग्री', पण 'ॲन एम. ए.'. मोजता न येणाऱ्या नामांची एक लहान यादी पाठ केली तरी बरेचसे काम भागते, 'इन्फर्मेशन', 'ॲडव्हाइस', 'फर्निचर', 'इक्विपमेंट' यांना 'एस' लावायचा नाही. परंतु 'द' हवा की नको, हे वाक्याच्या बाहेरच्या गोष्टींवर ठरते. ऐकणाऱ्याला कोणती वस्तू हे आधीच ठाऊक आहे का, यावर ते अवलंबून असते, आणि कागदावर ऐकणारा दिसत नाही. एकाने लिहिले होते, 'माय फादर वेंट टू हॉस्पिटल'. मी डोळे झाकून मध्ये 'द' घातला. नंतर कळले की वडिलांना तिथे दाखल केले होते. ब्रिटिश इंग्रजीत रुग्ण म्हणून जाणाऱ्यासाठी 'टू हॉस्पिटल' हेच बरोबर आहे आणि कोणाला भेटायला किंवा कामाला जाणाऱ्यासाठी 'टू द हॉस्पिटल'. अमेरिकी इंग्रजीत मात्र दोन्ही वेळा 'द' येतो. माझी दुरुस्ती अमेरिकी प्रयोगात चालणारी होती, पण लिहिणाऱ्याने जे लिहिले होते ते चूक नव्हते, आणि मी त्याला ते चूक म्हणून परत दिले होते. वडील कसे आहेत हे मी विचारायला हवे होते. त्याऐवजी मी एक तीन अक्षरी शब्द घालून मोकळी झाले. ते मला बराच काळ लागून राहिले.

त्याहून मोठी चूक माझ्याकडून पुढच्याच आठवड्यात झाली. गटातील एका बाईंनी लिहिले होते, 'द डॉक्टर सजेस्टेड दॅट माय फादर टेक रेस्ट'. 'फादर' एकवचनी, तृतीय पुरुषी, आणि क्रियापदाला 'एस' नाही. मी 'टेक'चे 'टेक्स' केले आणि समासात नेहमीची टीप लिहिली. पुढच्या वेळी त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, आमच्याकडे कार्यालयात एक पत्र आलं होतं, त्यात असंच 'टेक' होतं. मी ते बघूनच लिहिलं. मग ते पत्र चुकीचं होतं का?" मी घरी येऊन व्याकरणाचे पुस्तक उघडले. पत्र बरोबर होते आणि बाईही बरोबर होत्या. 'सजेस्ट', 'रेकमेंड', 'डिमांड', 'इन्सिस्ट' अशा क्रियापदांनंतर, कोणी काहीतरी करावे असा अर्थ असेल तर, मूळ रूपच येते. अमेरिकी इंग्रजीत हे सर्रास चालते आणि ब्रिटिश इंग्रजीत त्या जागी बऱ्याचदा 'शुड टेक' लिहितात. हा नियम मी विद्यार्थिदशेत शिकले होते, पण 'एस'च्या शोधात मी इतकी गुंतले होते की वाक्याचा भाव पाहायचेच राहून गेले.

खरे तर मराठीत हा भाव अगदी उघड आहे. 'वडिलांनी विश्रांती घ्यावी असे डॉक्टरांनी सुचवले.' यातले 'घ्यावी' हे विध्यर्थी रूप आहे. वडील विश्रांती घेतात असे ते सांगत नाही, त्यांनी ती घ्यायला हवी असे सांगते. इंग्रजीतले ते 'एस' नसलेले 'टेक' म्हणजे आपले 'घ्यावी'. मी त्या बाईंच्या कागदावरची माझी तांबडी खूण खोडली, त्याखाली 'तुमचे वाक्य बरोबर होते, माझी दुरुस्ती चुकली' असे लिहिले, आणि हे उदाहरण सर्वांना सांगितले. त्यानंतर कोणत्याही वाक्याला हात लावण्यापूर्वी ते मनात मराठीत म्हणून पाहण्याची सवय मी स्वतःला लावून घेतली. भाषांतर करण्यासाठी नव्हे. लिहिणाऱ्याला काय म्हणायचे आहे ते आधी ऐकण्यासाठी.

या सवयीमुळेच पुढचे एक वाक्य माझ्या हातून निसटले नाही. 'माय सिस्टर सेड दॅट आय ॲम टायर्ड.' यात एकही व्याकरणदोष नाही. संगणकावरील तपासनीस प्रणाली त्याखाली रेघ ओढत नाही, आणि पहिल्या आठवड्यात मीही ओढली नसती. पण ते वाक्य ज्या परिच्छेदात होते त्यात बहीण दिवसभराच्या प्रवासाहून आली होती. मी विचारले, "दमलं कोण होतं, तुम्ही की बहीण?" उत्तर आले, "बहीणच." मराठीत 'बहीण म्हणाली की मी दमले आहे' या वाक्यातला 'मी' बहिणीचा आहे याबद्दल कोणाला शंका येत नाही, कारण आपला 'की' बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे पुढे आणून ठेवतो. इंग्रजीतला 'दॅट' तसे करू देत नाही. 'दॅट'नंतर 'आय' म्हटले की तो लिहिणाराच होतो. म्हणून इथे एकतर 'शी वॉज टायर्ड' असे लिहायला हवे, किंवा 'दॅट' काढून बहिणीचे शब्द अवतरणचिन्हांत द्यायला हवेत. बाकीच्या कागदांवर शोध घेतला तर अशी आणखी पाच वाक्ये सापडली, आणि सगळी मी आधी बरोबर म्हणून सोडून दिलेली. 'आय डोन्ट नो व्हेअर इज ही' ही चूक दिसताच कळते. ही दिसत नाही, आणि म्हणूनच ती मला अधिक महत्त्वाची वाटते. चुकीचे रूप लिहिणाऱ्याचे म्हणणे निदान पोहोचते. बरोबर रूपातले हे वाक्य मात्र वाचणाऱ्याला भलतीच गोष्ट सांगून जाते.

उरलेल्या फेऱ्यांविषयी फार सांगण्यासारखे नाही. शब्दयोगी अव्ययांत 'डिस्कस्ड अबाउट' आणि 'मॅरिड विथ' ही नेहमीची दोन, दोन्ही मराठीच्या 'विषयी चर्चा' आणि 'शी लग्न' यांवरून आलेली. 'ऑल्दो'च्या जोडीला 'बट' येतो तो आपल्या 'जरी-तरी'मुळे. 'इट्स' या शब्दातला अपॉस्ट्रॉफी कानाला ऐकू येत नाही, तेव्हा त्यासाठी एकच कसोटी दिली, 'इट इज' किंवा 'इट हॅज' असे सुटे करून वाचता आले तर चिन्ह हवे, एरवी नको.

एक गोष्ट मात्र मी तपासायचे थांबवले. 'धिस इज द हाऊस आय लिव्ह इन' अशा वाक्यांतला शेवटचा 'इन' उचलून मी 'इन विच आय लिव्ह' असे करत होते, कारण वाक्याचा शेवट शब्दयोगी अव्ययाने करू नये असे मला शाळेत शिकवले होते. कवी जॉन ड्रायडन यांनी 1672 मध्ये बेन जॉन्सन यांच्या लेखनावर असा आक्षेप घेतला होता, आणि रॉबर्ट लोथ यांनी 1762 च्या आपल्या व्याकरणात गंभीर लेखनासाठी दुसरी रचना अधिक शोभते असे म्हटले. मात्र शेवटी अव्यय आणणे हा इंग्रजीचा स्वाभाविक कल आहे हेही त्यांनी तिथेच मान्य केले होते. म्हणजे तो शैलीचा प्रश्न होता, चुकीचा नव्हता. नवशिक्याने स्वतःच्या बळावर लिहिलेले सरळ, नैसर्गिक वाक्य मोडून मी त्याला अवघडलेले वाक्य देत होते. माणसाला आधीच धीर एकवटून लिहावे लागते, अशा वेळी त्याच्या बरोबर वाक्यावर तांबडी शाई लावणे मला फार वाईट वाटते.

शेवटच्या दोन आठवड्यांत मी बरोबर रूप लिहून देणेच सोडले. ज्या शब्दापाशी अडचण आहे त्याखाली बारीक रेघ, आणि समासात एक अक्षर: काळासाठी 'क', वचनासाठी 'व', उपपदासाठी 'उ'. जिथे अर्थच कळत नाही तिथे नुसते प्रश्नचिन्ह. कागद परत गेला की लिहिणाऱ्याने स्वतः दुरुस्त करून आणायचे. रेघेच्या खुणांतून बहुतेक जण योग्य रूपापर्यंत स्वतःच पोहोचत, आणि जिथे पोहोचत नसत तिथे आम्ही समोरासमोर बसून ते वाक्य मराठीत म्हणून पाहत असू.

शेवटच्या आठवड्यात त्याच बाईंच्या, ज्यांच्या बरोबर वाक्याला मी चूक म्हटले होते त्यांच्या, कागदावर सातवे वाक्य होते: 'आय बॉट द बुक'. त्याआधी कुठेही पुस्तकाचा उल्लेख नव्हता. मी 'द' खोडला नाही आणि 'अ'ही लिहिला नाही. समासात प्रश्नचिन्ह काढून फक्त 'कोणते?' असे विचारले. कागद परत आला तेव्हा त्यांनी 'द'ला हात लावलेला नव्हता. त्याच्या आधी दोन नवी वाक्ये घातली होती, एका मैत्रिणीने एका पुस्तकाविषयी सांगितल्याचे आणि ते दुकानात दिसल्याचे. पहिल्या उल्लेखाला 'अ बुक' होते, दुसऱ्याला 'द बुक', आणि तिसरे तेच जुने वाक्य. त्या पानावर मी खूण केली नाही.